पाल्याची गाबोळी

आमच्या घरात गाबोळी माझी होती. पाला असो, रावस असो की आणखी कुठला मासा, पोटातून अंड्यांची पिशवी निघाली की आय ती वेगळी ठेवायची, हळद-मीठ-मसाला चोळून तव्यावर बेताने परतायची आणि उचलून थेट माझ्या ताटात घालायची. बाबा होडीचे तांडेल, चार खलाशांना हुकूम देणारा माणूस, पण या बाबतीत त्यांचाही हुकूम चालत नसे. एकदा त्यांनी चव बघायला म्हणून कोपरा मोडला, तर मी ताट ढकलून अंगणात जाऊन बसले होते. "पोरीला डोक्यावर चरवून ठेवलाय तुमी," असं शेजारची शेवंताकाकी उठता-बसता म्हणायची आणि ते खरंच होतं. माझ्यानंतर आयला दोन मुलं झाली, दोन्ही बारशाआधीच गेली. घरात उरलेलं सगळं कौतुक माझ्या एकटीच्या वाट्याला आलं आणि नऊ वर्षं मी ते बिनतक्रार खाल्लं. आता डॉक्टरांनी मला गाबोळी बंद केली आहे. सून फार कडक आहे. ती आत गाबोळी तळते आणि मला बाहेर नुसता वास पुरवते.

उरणच्या बाजूला खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा. घरापुढे वाळू, वाळूपलीकडे वलांड्या, म्हणजे बांबू रोवून त्यांना बांधलेल्या दोऱ्यांच्या रांगा, आणि त्यापलीकडे दर्या. पावसाळा सरून होड्या निघाल्या की वलांड्यांवर बोंबील चढायचे. ताज्या बोंबलाचं अंग लिबलिबीत. त्याला नुसतं दोरीवर टाकलं तर तो घसरून खाली येतो. म्हणून दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीच्या दोन अंगांना लोंबती सोडायची. बोंबलाचे दात बारीक आणि तिरके, नवख्या बोटांतून रक्त काढतात. मी पाचव्या वर्षी हे काम शिकले, तेही आयच्या दोन धपाट्यांसकट. दोन-तीन दिवसांत बोंबील वाळले की वाऱ्यावर त्यांची खडखड सुरू व्हायची. सकाळी त्या आवाजाने जाग यायची, आणि त्यात आयचं कावळ्यांना शिव्या देणं मिसळलेलं असायचं. लोक म्हणतात सुक्या मासळीचा वास येतो. आम्हाला तो कधी आला नाही. मुंबईला लग्न होऊन गेल्यावर मला तो पहिल्यांदा आला, तोसुद्धा माझ्याच ट्रंकेतल्या लुगड्यांना.

सुके बोंबील पाट्यांत भरून आय आठवड्यातून दोनदा लाँचने मुंबईच्या बाजारात जायची. तिथे तिच्या शेजारी हिरा नावाची एक कोळीण बसायची, मुंबईकडच्याच कुठल्यातरी कोळीवाड्यातली, नवरा वारलेली. दोघींचा जीव एक. हिरामावशीला मी कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या गोष्टी इतक्या ऐकल्या होत्या की तिचा आवाजही ओळखला असता. तिला एक मुलगी आहे हे मात्र आय कधी बोलली नव्हती. मी नऊ वर्षांची होते त्या वर्षी दिवाळीनंतर हिरामावशी तापाने गेली. आय तिच्या दहाव्याला म्हणून गेली आणि तीन दिवस परतली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी लाँचचा भोंगा ऐकून मी बंदरावर पळाले. तीन दिवस मी बाबांच्या हातचा जळका भात खाल्ला होता आणि माझा सगळा जीव पावात होता. आय मुंबईहून येताना माझ्यासाठी नेमाने एक पाव आणायची, वरून करकरीत, आतून मऊ. तेव्हा आमच्याकडे पाव म्हणजे सणच. ओहोटी होती. लाँच दूर उभी राहायची, तिथून छोट्या होडीने काठाजवळ यायचं आणि उरलेला चिखल तुडवत चालायचं, असा रिवाज. होडीतून आय उतरली. डोक्यावर पाटी, आणि कडेवर एक पोर. तान्हं नव्हे, चांगली सहा वर्षांची, पाय आयच्या गुडघ्यांपर्यंत लोंबणारी. मी तिसऱ्या वर्षी कडेवर घे म्हणून याच चिखलात रडले होते, तेव्हा आय म्हणाली होती, "कोल्याची पोर हाय तू, चाल!" ते मला त्या क्षणी लख्ख आठवलं.

जवळ आल्यावर मी तिला नीट पाहिलं. गोल चेहरा, बारीक, बाहेरच्या कडांना वर गेलेले डोळे, आखूड मान, आणि तोंड उघडं. जीभ थोडी बाहेर. तिच्या मुठीत माझा पाव होता. अर्धा खाल्लेला, लाळेने भिजून लगदा झालेला. मला पाहून ती हसली आणि तो लगदा तिने माझ्यापुढे धरला.

"ही मथी," आय म्हणाली. "हिराची. आतापासना आपल्याच घरी ऱ्हानार. तुजी भैन."

"मना नको," मी म्हणाले. पावाबद्दल की बहिणीबद्दल, ते आयने विचारलं नाही.

"तिचा हात धर. चिखलान पडंल ती."

मी हात धरला नाही. पाटी आयच्या डोक्यावर, पोर कडेवर, आणि मी मागून रिकाम्या हातांनी, अशी आमची वरात घरी आली. वाटेत शेवंताकाकी आडवी आलीच. "काय गो सारजे," ती आयला म्हणाली, "हिराच्या दिरानी तिची खोली ठेवली, तिच्या पाट्या ठेवल्या, आन ही तुज्या गल्यात घातली? धड तरी हाय काय पोर?"

"धड हाय का नाय ते मी बगन," आय म्हणाली. "तुज्या ताटान नाय जेवत ती."

बाबा संध्याकाळी दर्यावरून आले. मथीला पाहून ते जरा वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता हे बोलतील, आता हिची परत पाठवणी होईल. बाबांनी डोक्याचं फडकं सोडलं आणि विचारलं, "जेवली काय पोर?" बस. इतकंच. माझ्या बाबांचा मला इतका राग पूर्वी कधी आला नव्हता.

मथी कशी होती याला आमच्याकडे नाव नव्हतं. "ती तशीच हाय," एवढं म्हटलं की सगळ्यांना कळायचं. माझ्या नातसुनेने, ती डॉक्टर आहे, घरातला एकुलता एक जुना फोटो पाहून एका क्षणात तिच्या अवस्थेचं नाव सांगितलं. मी ते लिहीत नाही. ज्या नावाने तिला आम्ही कधी हाक मारली नाही, ते इथे कशाला? तिला पाच-सात शब्द येत होते, तेही अर्धे. मला ती "नी" म्हणायची, जनीतलं शेवटचं अक्षर धरून. चालायची डुलत, पडायची वरचेवर, आणि पडली की रडायच्या आधी माझ्याकडे बघायची.

तिने माझं काय काय घेतलं याची मी मनात उजळणी करत असे. आयच्या कुशीतली भिंतीकडची जागा गेली. आयच्या मांडीवर डोकं ठेवून वेणी घालून घेणं गेलं. मथीचे केस आधी, कारण ती बसायला कंटाळते. बाबा होडीवरून हाक मारायचे "जने!", ते आता "पोरींनो!" मारू लागले. बोंबील अडकवायला शिकवताना तर आयने कहरच केला. मथीची बोटं आखूड, जाड. ती एकच बोंबील दोरीवर ठेवायची, तो घसरायचा, ती तो उचलायची, परत ठेवायची. आय तिच्या मागे उभी राहून तिचे हात आपल्या हातात धरून दिवसभर जबड्यात जबडा अडकवत राहिली. एक धपाटा नाही. तिसऱ्या दिवशी मथीची पहिली जोडी दोरीवर राहिली तेव्हा आयने बाबांना हाक मारून ती दाखवली. माझ्या शंभर जोड्या त्याच दोरीवर लटकत होत्या. त्यांच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आणि गाबोळी. ती तर पहिल्याच आठवड्यात गेली. आयने तव्यावरून उचलली आणि मथीच्या भातात कुस्करली. मी ताटाकडे बघतच राहिले.

"तिला काटं कलत नाय, जने," आय म्हणाली. "तुला कलतात."

आता हे खरं होतं. कोळ्याच्या पोराला काटा कोणी शिकवत नाही. बोलायला यायच्या आधी आमची जीभ काटे निवडायला शिकते. घास तोंडात गेला की मासा एकीकडे, काटा ओठांच्या कोपऱ्यात. मथीची जीभ हे शिकली नव्हती, शिकणारही नव्हती. म्हणून मऊ बोंबील आणि गाबोळी, ज्यात काटा नाही, ते तिचं. आयचं म्हणणं सरळ होतं. पण मला त्यातून एवढंच कळलं, की मला काही येतं म्हणून माझं गेलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी काटा अडकल्याचं सोंग केलं. गळा धरला, डोळे फिरवले, "अक्‌, अक्‌" केलं. "मना पन काटं कलत नाय," मी म्हणाले. आयने माझ्याकडे एकदा पाहिलं, कोरड्या भाताचा लिंबाएवढा गोळा केला आणि माझ्या तोंडात कोंबला. "गील," म्हणाली. मी गिळला. माझं सोंग तिथेच संपलं. पण मथीला ते फार आवडलं. तिनेही गळा धरला, डोळे फिरवले, "अक्‌, अक्‌" केलं आणि खदखदून हसली. त्या दिवसापासून तो तिचा खेळ झाला. माझा चेहरा फुगलेला दिसला की ती गळा धरायची. शेवंताकाकी आली की तिला तेच करून दाखवायची. सगळा वाडा हसायचा: "जनीची नक्कल करतं बगा!" मला हसू यायचं नाही.

पाला आमच्याकडे रोज येत नसे. खाडीत कधीतरी सापडायचा. त्याची गाबोळी सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत गोड, आणि त्याचे काटे सगळ्यांत वाईट. बारीक, दुबेळके, म्हणजे टोकाला फाटलेले, मांसात सगळीकडे पेरल्यासारखे. शेपटीकडे तर विचारूच नका. त्या दुपारी बाबा एक पाला आणून देऊन परत होडीकडे गेले होते. वलांड्या भरून झाल्या होत्या, शेवंताकाकी आणि आणखी दोघी मदतीला आलेल्या, सगळ्या अंगणात मांडवाखाली जेवायला बसल्या. आयने मथीचं ताट माझ्यापुढे ठेवलं. भातावर अख्खी गाबोळी. "भरव तिला. मी वाढतंय," म्हणाली आणि कालवणाचं मडकं घेऊन बायकांकडे वळली.

मी गाबोळी उचलून आपल्या तोंडात घातली. अख्खी. दोन्ही गालांत मावेना एवढी. मग माझ्या ताटातला शेपटीचा तुकडा मथीच्या भातात दाबला. काटे वेचले नाहीत. मला माहीत होतं. हे मी इतक्या वर्षांनी लिहिते आहे म्हणून त्याला गोजिरवाणं करणार नाही. नऊ वर्षांच्या मुलीला पाल्याच्या शेपटीत काय असतं ते पक्कं माहीत असतं. ती मरावी असं माझ्या मनात नव्हतं. तिला टोचावं, तिने रडावं, आणि आयने एकदा तरी म्हणावं, ही पोर आपल्याला झेपत नाही, एवढं होतं.

मथीने तोंड उघडलं. पहिला घास गेला. दुसरा गेला. मग तिने गळा धरला.

"अक्‌," ती म्हणाली.

बायका हसल्या. "बगा, चालू झाली!" शेवंताकाकी म्हणाली. "जने, तुजी नक्कल!" आयने वळून पाहिलं, तीही हसली आणि परत कालवण वाढू लागली. मथीने दोन्ही हातांनी गळा धरला. तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबली. डोळे फिरत नव्हते. ते माझ्यावर होते, पडल्यावर असायचे तसे. तेवढ्या बायकांत हा खेळ नाही हे मला एकटीला ठाऊक होतं. आणि माझं तोंड गाबोळीने भरलं होतं. ओरडायला तोंड उघडलं असतं तर गाबोळी दिसली असती. मी घाईने चावू लागले. हे मला कोणी विचारू नये असं वाटतं, म्हणून मीच सांगून टाकते. ती माझ्यासमोर गुदमरत होती आणि मी आधी गिळायचं बघत होते. दोनदा चावलं. तीनदा. गाबोळी कोरडी असते, घशाखाली लवकर उतरत नाही.

मथीचे ओठ निळसर झाले तेव्हा मी तोंड उघडलं. गाबोळी अंगणात पडली, सगळ्यांच्या देखत, पिवळी. "आये! खरा हाय! मी दिला काटा! मी दिला!"

आयच्या हातचं मडकं फुटलं. तिने मथीला उचलून मांडीवर पालथं घातलं, पाठीत बुक्क्या मारल्या, मग सुलटं करून उजव्या हाताचं बोट तिच्या घशात घातलं, पार मुठीपर्यंत. मथीने ते कडकडून चावलं. आयने बोट काढलं नाही. शेवंताकाकीने मथीचे पाय धरले, ती एरवीची टोचून बोलणारी बाई मोठ्याने देवाचा धावा करत होती. बोट बाहेर आलं तेव्हा रक्ताने माखलेलं होतं. काही मथीचं, काही आयचं. नखात दुबेळका काटा. मथीने श्वास घेतला आणि भोकाड पसरलं. तो आवाज मला आजही कानांत ऐकू येतो. इतकं बरं रडणं मी त्यानंतर माझ्या मुलांच्या जन्माच्या वेळीच ऐकलं.

आयने मला मारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मी मार खायला तयार होऊन दिवसभर तिच्या आसपास घुटमळत होते. तिने खाली पडलेली गाबोळी केरसुणीने गोळा केली, कुत्र्याला घातली आणि बोटाला हळद बांधून वलांडीवर गेली. बाबांनाही तिने सांगितलं नाही. शेवंताकाकीनेसुद्धा, जिच्या तोंडात तीळ भिजत नसे, ते कुणाला सांगितलं नाही. मथीचा घसा सुजला. आठ दिवस ती पेजेवर होती. तिने गळा धरायचा खेळ बंद केला, तो कायमचा.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा पाला आला. आयने गाबोळी परतली आणि अख्खी माझ्या ताटात घातली.

"नुको," मी म्हणाले. "मथीला दे."

"खा. तुजी हाय ती."

मी खाल्ली. आय समोर बसून बघत होती, म्हणून शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. मथी शेजारी बसून माझ्या हाताबरोबर आपलं तोंड उघडत-मिटत होती, आणि माझं खाऊन झाल्यावर तिने आपल्या तळव्याने माझं तोंड पुसलं, आय तिचं पुसायची तसं. मला ते सहन झालं नाही. मी रडले. राग, लाज आणि हेवा, तिन्ही एकदम. हेवा गेला होता असं समजू नका. तो नंतरही गेला नाही. तिच्यावर माझा जीव जडला आणि हेवाही राहिला, दोघं एका घरात नांदले. कैक वर्षांनी आय शेवटच्या दुखण्यात मथीसकट माझ्याकडे मुंबईला होती, तेव्हा रोज जेवणाच्या वेळी मला एकच विचारायची, "तिचं काटं वेचलंस काय?" मी जेवले की नाही, हे तिने विचारलं नाही. नातवंडं मांडीवर खेळवायच्या वयात मला त्याचं वाईट वाटायचं.

माझं रडणं संपेपर्यंत आय थांबली. मग तिने पाल्याचा एक तुकडा वेगळ्या ताटलीत घातला, ती माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "आता हिचा तू वेच."

मी वेचायला बसले. एक एक पाकळी सुटी करून उजेडाकडे धरली, बोटांनी चाचपली, मग ओठांत दाबून पाहिली, कारण बोटांना जे कळत नाही ते कोळ्याच्या ओठांना कळतं. ताटलीच्या कडेला काट्यांचा ढीग साचला. भात गार झाला, बाबा जेवून उठले, मांडवात ऊन आलं. आयने हात लावला नाही. मथी डुलत वाट बघत बसली होती. शेवटी मी घास केला, तो पुन्हा मोडून पाहिला, पुन्हा केला. मला वाटलं, ती मागे सरेल, तोंड मिटेल, आयकडे बघेल.

तिने माझ्या हातात काय आहे तेसुद्धा पाहिलं नाही. तिने तोंड उघडलं.